बाप्तिस्मा घेऊनही ज्यूच? : ज्यूद्वेषाच्या बदलत्या रूपांबद्दल

जुनी पाटी | रविवार, रात्री १०:४०

गेल्या डिसेंबरात जुन्या गोव्याला से कॅथेड्रलपाशी उभा होतो. शेजारच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून गाइड म्हणाला, "हांगा व्हडलें घर आशिल्लें." व्हडलें घर म्हणजे इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा. आता तिथं काहीच नाही. आमच्यातल्या एका काकांनी विचारलं, "इथंच आपल्या लोकांचे हाल केले ना?" गाइडनं मान डोलावली आणि सगळे पुढे गेले.

काकांचं चुकलं नव्हतं. पुढच्या काळात त्या वाड्यात आलेले बहुतेक आरोपी इथलेच होते. पण १५६० साली ही कचेरी गोव्यात उघडली तेव्हा तिची नजर आधी वेगळ्याच लोकांवर होती. ते म्हणजे पोर्तुगालहून आलेले 'नवख्रिस्ती', ज्यांच्या आई-बापांना किंवा आजा-पणज्यांना ज्यू धर्म सोडायला लावला होता.

गार्सिया द ऑर्ता त्यातलाच. हा माणूस खरं तर आपल्या घरोघरी माहीत हवा. १५३४ साली गोव्यात आलेला वैद्य, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी ऊठबस असलेला, आणि पोर्तुगीज राजाकडून चक्क मुंबई बेट खंडानं घेतलेला. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या ग्रंथात हिंग, भांग, अफू, फणस, आंबा यांवर सवाल-जवाबाच्या रूपात प्रकरणं आहेत, पटकीच्या रोग्याचं वर्णन आहे. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला, गुपचूप ज्यू धर्म पाळते म्हणून, गोव्यात जाळलं. मग चौकशीची चक्रं फिरत राहिली आणि १५८० साली खुद्द गार्सियाची हाडं उकरून काढून जाळली. बारा वर्षं जमिनीत असलेल्या माणसाची.

यात एक तिढा आहे, तो मला अजून सुटत नाही. इन्क्विझिशनचा अधिकार मुळात बाप्तिस्मा झालेल्यांवर. उघड ज्यू हा तिच्या लेखी पाखंडी नव्हे, परधर्मीय. म्हणजे गार्सिया कागदोपत्री ख्रिस्ती होता, म्हणूनच ज्यू असल्याचा गुन्हा त्याच्यावर लागू शकला.

ज्यूद्वेषावर लिहायचं म्हटलं की लोक फेरोपासून हिटलरपर्यंत एक लांबलचक यादी देतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, दोन हजार वर्षं एकच गोष्ट चालू होती. तसं नाही. मी एकच धागा धरून बघतोय: त्या त्या काळात ज्यू माणसाला सुटकेचं दार होतं का, आणि ते कोणी लावून घेतलं.

चौथ्या-पाचव्या शतकात भांडण शेजाऱ्यांचं होतं. अँटिऑकमध्ये ३८६-८७ साली जॉन क्रिसोस्तम हा ख्रिस्ती धर्मोपदेशक ज्यूंविरुद्ध जहाल प्रवचनं देतो. पण नीट वाचलं तर त्याची खरी तक्रार आपल्याच कळपाबद्दल आहे: आमचे लोक सणासुदीला सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनाघरात, कशाला जातात? त्याच सुमारास ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडितानं सिद्धांत मांडला की ज्यूंना मारू नका, हलक्या अवस्थेत विखरून राहू द्या, ते आपल्या धर्मग्रंथाचे चालतेबोलते साक्षीदार आहेत. अपमान करा, पण जगू द्या. पुढची कित्येक शतकं पोपची अधिकृत भूमिका साधारण हीच.

१०९६ साली पहिल्या क्रुसेडला, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाला, निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाइनकाठच्या स्पायर, वर्म्स, माइन्झमध्ये ज्यूंची कत्तल केली. बाप्तिस्मा नाहीतर मरण. अनेकांनी मरण घेतलं, आपल्या हातानं आपली मुलं मारली. दार होतं, पण ते असं.

बारावं शतक मात्र भलतीच गोष्ट घेऊन आलं. ११४४ साली इंग्लंडात नॉर्विचजवळच्या रानात विल्यम नावाच्या पोराचं प्रेत सापडलं. काही वर्षांनी तिथं आलेल्या थॉमस ऑफ मन्मथ या साधूनं कथा रचली की ज्यूंनी येशूच्या क्रूसाची नक्कल म्हणून त्याला मारलं. पुढे त्या कथेला शेपूट फुटलं, ज्यूंना ख्रिस्ती मुलाचं रक्त लागतं म्हणे. हा आरोप धर्मग्रंथावरून नव्हता, 'हे लोक असलेच' अशा स्वभावाबद्दल होता. १२४७ साली पोप चौथ्या इनोसंटनं लिहून कळवलं की हे सगळं खोटं आहे. ऐकतो कोण? शंभर वर्षांनी प्लेग आला तेव्हा ज्यूंनी विहिरीत विष कालवलं अशी हूल उठली. पोप सहावा क्लेमेंट १३४८ साली सांगत होता की अहो, ज्यूही प्लेगनं मरताहेत आणि जिथं ज्यू नाहीतच तिथंही प्लेग आहे. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबर्गमध्ये शेकडो ज्यू जाळले. प्लेग त्या गावात अजून पोचलाही नव्हता.

आता स्पेन. १३९१ साली सेव्हिलपासून सुरू झालेल्या दंगलींत हजारो ज्यूंनी जीव वाचवायला बाप्तिस्मा घेतला. दारातून आत आले. दोन पिढ्यांत त्यांची मुलं-नातवंडं नगरपालिकेत, दरबारात, खुद्द चर्चमध्ये वर चढली. आणि १४४९ साली तोलेदोत राजासाठी जादा कर मागितला गेला. वसुलीशी संबंधित एक बडा व्यापारी अशाच बाटलेल्या घराण्यातला निघाला, दंगल पेटली, आणि शहराचा ताबा घेतलेल्या पेरो सार्मिएंतोच्या गटानं एक ठराव केला: ज्यू वंशाच्या कोणालाही, तो कितीही ख्रिस्ती असो, शहरात अधिकाराचं पद मिळणार नाही. पोप पाचव्या निकोलसनं तो ठराव धुडकावला, कारण बाप्तिस्म्याचं पाणी कुचकामी ठरलं तर चर्चच्या हाती उरतं काय? पण कल्पना बाटलीतून बाहेर आली होती. 'रक्ताची शुद्धता' हा शब्द पुढे विद्यापीठं, सरदारी संघ, कॅथेड्रलं यांच्या नियमात बसला. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघानं सुरुवातीला विरोध केला. त्यांचा दुसरा प्रमुख दिएगो लाइनेझ स्वतःच ज्यू वंशाचा होता. १५९३ साली त्यांनीही ज्यू वंशजांना बंदी घातली आणि ती पूर्णपणे उठली १९४६ साली. हो, महायुद्ध संपल्यावर.

म्हणून माझं म्हणणं असं की ज्यू कोण ते वंशावरून ठरवणारे नाझींचे न्यूरेंबर्गचे १९३५ चे कायदे आकाशातून पडले नाहीत. १८७९ साली विल्हेल्म मार नावाच्या जर्मन पत्रकारानं 'अँटिसेमिटिझम' हा शब्द चलनात आणला, कारण त्याला 'ज्यूद्वेष' जुनाट, धार्मिक वाटत होतं. त्याला काहीतरी शास्त्रीय हवं होतं. पण दार तर चारशे वर्षं आधीच लागलं होतं. त्यानं फक्त नवी पाटी लावली.

(माझ्या आयडीवर कोट्या नकोत.)

---

वाचनमात्र | रविवार, रात्री ११:१५

आज आयडीला जागत नाही, लिहितेच. गार्सियाचं नाव आंब्याच्या इतिहासात वाचलं होतं, तेवढंच. हाडांचं वाचून कसंतरीच झालं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

आडकित्ता | सोमवार, सकाळी ७:५०

लेख चांगला, पण एकांगी. दोन शंका.

१. एखादा समाज दोन हजार वर्षं, इतक्या वेगवेगळ्या देशांत, सगळ्यांनाच नकोसा का होतो? धुराशिवाय आग नसते. वेगळं राहायचं, वेगळं खायचं, आपसातच लग्नं करायची, मग लोक बोलणारच.

२. अरबही सेमेटिक. मग अरब 'अँटिसेमाइट' कसे? शब्दच गंडलेला आहे.

---

जुनी पाटी | सोमवार, सकाळी ९:२०

आडकित्ता, आधी म्हण सरळ करू: आगीशिवाय धूर नसतो. स्ट्रासबर्गमध्ये मात्र तुम्ही म्हणता तसंच झालं. धूर नव्हता, आग लावली.

वेगळं राहिल्याचं म्हणाल तर तोलेदो पुन्हा वाचा. वेगळे होते तोवर शिव्या होत्या, मिसळले तेव्हा कायदे आले. जर्मनीचंही तेच. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख जर्मन ज्यू सैन्यात होते, बारा हजारांच्या आसपास मेले. युद्ध चालू असतानाच, १९१६ साली, लष्करानं ज्यू सैनिकांची वेगळी शिरगणती केली, ते आघाडीवर जायचं टाळतात का हे बघायला. निकाल युद्ध चालू असेपर्यंत जाहीरच केला नाही. खंदकात बसलेल्या माणसाला कळलं असेल की आपली खानेसुमारी चालली आहे, तेव्हा त्याला काय वाटलं असेल? त्यानं अजून किती मिसळायचं होतं?

शब्दाबद्दल: 'सेमेटिक' हे मुळात भाषाकुळाचं नाव. विल्हेल्म मारनं ते उचललं आणि अर्थ एकच ठेवला, ज्यू. अरबांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. नाझींनी जेरुसलेमच्या मुफ्तीला, म्हणजे तिथल्या अरब धर्मप्रमुखाला, १९४१ साली बर्लिनमध्ये मानानं ठेवून घेतलं, तेव्हा त्यांनाही 'सेमेटिक' आडवं आलं नाही. म्हणून मी मराठीत सरळ ज्यूद्वेष लिहितो.

---

सुपेकर | सोमवार, दुपारी १:०५

पाटीशेठ, धर्म, रक्त सगळं ठीक, पण पैसा कुठंय तुमच्या लेखात?

ज्यूंना जमीन नाही, कारागिरांच्या संघात प्रवेश नाही. चर्चनं ख्रिस्त्यांना व्याजबट्टा पाप ठरवला. मग उरलं काय, सावकारी. राजा त्यांच्याकडून बक्कळ कर घ्यायचा, म्हणजे व्याजाचा दर चढा, म्हणजे कुळाच्या शिव्या ज्यूला आणि मलई राजाला. ११९० साली यॉर्कच्या किल्ल्यात कोंडलेले दीडशेएक ज्यू मेले. बरेचसे आपल्याच हातानं. त्यानंतर जमाव कुठं गेला? थेट मोठ्या चर्चमध्ये. तिथं कर्जरोखे ठेवलेले होते, ते काढून चर्चमध्येच पेटवले. पुढारी होते कर्जात बुडालेले जमीनदार.

माझं गाव सुपे. १२ मे १८७५ ला आमच्या बाजारात सावकारांची दुकानं फुटली, खतं जाळली. शाळेत दख्खनच्या दंग्यांची तारीख घोकलीय. त्यामुळं रोखा जाळणाऱ्याचा राग मला कळतो. पण आमच्याकडं कागद जळल्यावर बहुतेक ठिकाणी माणसं घरी गेली, जीव घेण्याचे प्रकार फार थोडे. यॉर्कात आधी माणसं मेली, मग कागद. हा फरक कशानं पडला तेवढं सांगा.

---

जुनी पाटी | सोमवार, दुपारी ३:३०

सुपेकर, दंडवत. पैसा माझ्याकडून खरंच निसटला.

फरकाबद्दल माझा अंदाज: सुप्याच्या सावकाराबद्दल लोकांची तक्रार सावकारीची होती. तो परमुलखातला होता हेही टोचत असेल, पण देवाला मारणाऱ्यांचा वंशज असं कोणी त्याला म्हणत नव्हतं. यॉर्कच्या जमावाला कर्ज बुडवायचं होतं, आणि देवाचं काम केल्याचं समाधान फुकटात मिळत होतं. क्रुसेडचेच दिवस ते. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डचं बघा. १२७५ साली त्यानं ज्यूंना व्याजबंदी केली, म्हणजे जगायचं साधन काढून घेतलं. १२९० साली देशाबाहेर काढलं आणि त्या बदल्यात पार्लमेंटनं त्याला घसघशीत कर मंजूर केला. पिळून झालेलं चिपाडसुद्धा विकलं.

---

तिरकी रेघ | सोमवार, सायंकाळी ६:४५

लेख आवडला, तरी तुमच्या 'दारा'च्या कुलपात माझी किल्ली घालून बघते.

१४४९ ही तारीख फार सुबक आहे. ११३० साली रोममध्ये एकाच वेळी दोन पोप निवडले गेले. त्यातला दुसरा अनाक्लेटस, पिएर्लेओनी घराण्यातला. त्याचा पणजोबा ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती झालेला. म्हणजे चौथी पिढी! तरी क्लेर्व्होचा बर्नार्ड लिहितो की ज्यूचा वंशज पीटरच्या गादीवर बसणं हा ख्रिस्ताचा अपमान आहे. हाच बर्नार्ड १९४६ नव्हे, ११४६ साली (तुमच्या जेझुइटांमुळे बोटं चुकली) ऱ्हाइनकाठी जाऊन ज्यूंना मारू नका म्हणून एका भडकवणाऱ्या साधूला गप्प करतो. एकाच डोक्यात दोन्ही. म्हणजे दार उघडं असतानाही उंबऱ्यावर कोणीतरी जातीचा दाखला विचारत बसलेलं होतंच.

आणि दाखल्यावरून आठवलं. 'कास्ता' हा शब्द पोर्तुगीज लोक वंश, कूळ या अर्थानं वापरायचे. तोच शब्द घेऊन ते आपल्या किनाऱ्यावर उतरले, आपली जातव्यवस्था बघितली आणि तिला तेच नाव दिलं. इंग्रजीतला 'कास्ट' त्यातूनच आला. इन्क्विझिशनचा अधिकारी वंशावळी तपासत होता हे वाचून आपण हळहळतो, आणि सोयरीक जुळवताना आपले मामा तेच करतात.

---

जुनी पाटी | सोमवार, रात्री ८:१०

अनाक्लेटस माझ्या लक्षातच आला नव्हता. मान्य. मग असं म्हणतो: ११३० मध्ये ती शिवी होती, १४४९ मध्ये तिचा नियम झाला. शिवीला उत्तर देता येतं. नियमापुढे अर्ज करावा लागतो.

मामांचं खरं आहे. त्यावर वेगळा धागा काढा, इथं पेटला तर मूळ विषय जळून जाईल.

---

मधली सुट्टी | सोमवार, रात्री ९:३०

आमच्या शाळेत पीटीच्या सरांना आम्ही लाडानं हिटलर म्हणायचो. त्यांनाही आवडायचं. स्टेशनच्या बुकस्टॉलवर 'माइन काम्फ'चं मराठी भाषांतर आजही दिसतं, व्यवस्थापनाच्या आणि यशस्वी व्हायच्या पुस्तकांशेजारी. माझ्या भावानं कॉलेजात वाचलं. विचारलं तर म्हणे 'जिद्द शिकण्यासारखी आहे.' त्यात ज्यूंबद्दल काय लिहिलंय विचारलं तर म्हणाला ती पानं चाळली.

त्याला दोष देत नाही. आपल्यासाठी हिटलर म्हणजे इंग्रजांचा शत्रू आणि कडक माणूस. नाझींनी मारलेल्या ज्यूंचा साठ लाख हा आकडा परीक्षेत एक मार्काला होता.

---

आडकित्ता | मंगळवार, सकाळी ८:००

हिटलरचं समर्थन कोणीच करत नाही. पण जगातल्या बँका, मीडिया कोणाच्या हातात आहेत ते सर्वांना माहीत आहे. त्यांचं एक गुप्त कागदपत्रही आहे, झायनच्या वडीलधाऱ्यांचे ठराव वगैरे. व्हॉट्सॅपवर पूर्ण पीडीएफ फिरते. सगळंच खोटं कसं असेल?

---

तिरकी रेघ | मंगळवार, सकाळी ८:४०

आडकित्ताजी, ते 'गुप्त कागदपत्र' १९०३ साली रशियात एका वर्तमानपत्रात क्रमशः छापून आलं. छापणारा संपादक क्रुशेवान. त्याच वर्षी त्याच्याच दुसऱ्या पेपरनं किशिनेव्हमध्ये रक्ताची जुनी कहाणी पेटवली होती आणि दंगलीत ४९ ज्यू मेले.

१९२१ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या टाइम्सचा बातमीदार फिलिप ग्रेव्हज यानं इस्तंबूलहून उकल केली. मोरिस जोली नावाच्या फ्रेंच वकिलानं १८६४ साली तिसऱ्या नेपोलियनची टर उडवायला नरकातल्या दोन विचारवंतांचा संवाद लिहिला होता. त्यात ज्यूंचा कटबिट काहीही नाही. त्यातले उतारेच्या उतारे उचलून बोलणाऱ्याच्या जागी 'ज्यू वडील' घातले. ग्रेव्हजनं दोन्ही मजकूर शेजारी शेजारी छापले. आपल्या मराठीत याला उचलेगिरी म्हणतात.

शंभर वर्षं झाली उघडकीला येऊन. हेन्री फोर्डनं आपल्या पेपरातून हाच माल अमेरिकेत वाटला आणि १९२७ साली माफी मागितली. हमासच्या १९८८ च्या सनदेत याचा हवाला आहे. आणि आता तुमच्या व्हॉट्सॅपवर.

एक गंमत बघा. याच ज्यूंना एकाच दशकात जर्मन वृत्तपत्रं बोल्शेविक, म्हणजे रशियन कम्युनिस्ट, म्हणत होती आणि बोल्शेविकांतले काही त्यांना भांडवलदार. दोन्ही एकदम कसं जमतं? कट गुप्त असला की सगळं जमतं.

---

आडकित्ता | मंगळवार, सकाळी ९:०५

जोलीचं माहीत नव्हतं. बघतो.

---

अष्टागर | मंगळवार, दुपारी १२:२०

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू. मूळ गाव अलिबागजवळ, आता ठाण्यात. इतका वेळ वाचत होतो, लिहू की नको चाललं होतं.

आमच्या पूर्वजांना कोकणात 'शनवार तेली' म्हणत, कारण घाणा शनिवारी बंद. नाव ठेवलं ते एवढंच. जातीच्या उतरंडीत तेल्याची जी जागा ती आमची. ती काही मानाची नव्हती, खोटं कशाला बोलू. पण 'तुम्ही देवाला मारलंत' असं कोणी म्हटलं नाही, विहिरीत विष घातलं म्हटलं नाही. रक्ताची ती गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा आईच आठवली. आमच्याकडे मटण आणलं की मिठात ठेवून, धुऊन रक्त पार काढून टाकतात, मग शिजवायचं. रक्त खाणं आम्हाला निषिद्ध आहे. ज्या लोकांच्या स्वयंपाकघरात रक्ताचा थेंब चालत नाही, त्यांच्यावर आठशे वर्षं हा आरोप! १९४६ साली पोलंडमध्ये किएल्त्से गावात एक पोरगा दोन दिवस गायब झाला. परत आल्यावर म्हणाला, ज्यूंनी तळघरात कोंडलं. जमावानं, पोलीस-सैनिकांसकट, नाझींच्या संहारातून वाचलेल्या ४२ जणांना मारलं. त्या इमारतीला तळघरच नव्हतं.

वंशावळीचं निघालंय म्हणून सांगतो. हा ज्यूद्वेष नव्हे, पण विषयाला लागून आहे. आमचे नातलग इस्रायलला गेले. तिथल्या धर्मपीठानं १९६२ साली फर्मान काढलं की बेने इस्रायलांचं इतर ज्यूंशी लग्न लावायचं तर आधी आई-आजीकडून वंश तपासा. शेवटी १९६४ साली आमच्या लोकांनी जेरुसलेमला ठिय्या दिला, सरकारनं बाजू घेतली, मग धर्मपीठ नमलं. काकांनी तेव्हा पत्रात लिहिलं होतं, "नवगावला कोणी विचारलं नाही ते इथं आपल्यांनी विचारलं."

आणि २००८. नरिमन हाऊस आमच्या लोकांचं नव्हतं, परदेशी ज्यूंचं होतं. पण ताज, ओबेरॉय, सीएसटी एवढं मोठं शहर समोर असताना कुलाब्याच्या गल्लीतली ती इमारत मुद्दाम हेरून निवडली. सहा जण तिथं मेले. तेव्हापासून आमच्या सिनेगॉगच्या दाराशी पोलीस बसतो. सणाला पोरं त्याला करंज्या नेऊन देतात.

---

वाचनमात्र | मंगळवार, दुपारी १२:५०

अष्टागर, लिहिलंत हे फार बरं केलंत.

---

सुपेकर | मंगळवार, दुपारी २:१५

+१. मुसलमानी राज्यांत काय होतं? तिकडं बरं होतं म्हणतात.

---

तिरकी रेघ | मंगळवार, दुपारी ४:००

बरं म्हणजे युरोपपेक्षा. जिझिया द्या, दुय्यम राहा, आपलं आपण चालवा. बगदादच्या खलिफा मुतवक्किलनं नवव्या शतकात ज्यू-ख्रिस्त्यांना पिवळ्या रंगाची वस्त्रं सक्तीची केली, तो पिवळा रंग लक्षात ठेवा. पण १४९२ साली स्पेननं हाकलल्यावर ज्यू धावले ते ऑटोमन सुलतानाकडे. रक्ताची कहाणी तिकडे गाजली १८४० साली, दमास्कसमध्ये. एक कापुचिन पाद्री आणि त्याचा नोकर बेपत्ता झाले, आणि ज्यूंवरच्या आरोपाला फ्रेंच वकिलानं जोर दिला. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, देशाचा. माल युरोपचा होता, पण घेणारे मिळाले. १९४१ च्या जूनमध्ये बगदादला दोन दिवसांत दीडशेहून जास्त ज्यू मारले गेले. अडीच हजार वर्षं जुनी वस्ती दहा-पंधरा वर्षांत जवळजवळ रिकामी.

---

मधली सुट्टी | मंगळवार, रात्री १०:१०

एक विचारू का, भांडण नको. गाझातल्या मुलांबद्दल लिहिलं की लगेच ज्यूद्वेष्टा ठरवतात. मग बोलायचंच नाही का?

---

जुनी पाटी | मंगळवार, रात्री ११:००

बोलायचं. इस्रायली सरकारवर, लष्करावर, वसाहतींवर टीका करणं म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. इस्रायलमधले ज्यूच रस्त्यावर उतरून ती करतात. मेलेल्या मुलांसाठी रडायला कोणाचा परवाना लागत नाही. आणि तोंड बंद करायला 'ज्यूद्वेष' हा शब्द वापरला जातो हेही खरं आहे.

मी एवढंच बघतो की बोलता बोलता नॉर्विचचं पोरगं तर आत येत नाही ना. सरकारनं अमुक केलं, हे बोलणं झालं. 'हे लोक असलेच, रक्तपिपासू, सगळं जग यांच्या मुठीत' हे ११४४ आणि १९०३. आणि राग इस्रायलचा पण दगड पॅरिसच्या सिनेगॉगवर, ही त्याच दुकानाची शाखा. उलटी वाटही आहे: २०१८ साली पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये अकरा जणांना मारणाऱ्या गोऱ्या माणसाचा राग इस्रायलवर नव्हताच. ज्यू लोक अमेरिकेत निर्वासित आणतात, हा त्याचा आरोप होता.

'झिऑनिस्ट', म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राचा पुरस्कर्ता, या शब्दाचं पोलंडमधलं उदाहरण आहे. मार्च १९६८ मध्ये तिथल्या कम्युनिस्ट सरकारनं झिऑनिस्टांविरुद्ध मोहीम काढली. ज्यू हा शब्द टाळला, कारण कम्युनिस्ट वंश मानत नाहीत. तेरा हजारांवर लोक देश सोडून गेले. त्यात जन्मभर पक्षाचं काम केलेले, इस्रायलशी काडीचा संबंध नसलेले कित्येक. कागदावर नागरिकत्व सोडल्याची सही घेतली. पुन्हा तेच. तू काय मानतोस हे विचारलंच नाही.

दारावरून शेवटचं. न्यूरेंबर्गच्या कायद्यात तीन किंवा चार ज्यू आजी-आजोबा म्हणजे ज्यू. पण आजोबा ज्यू होता हे ठरवायचं कसं? रक्ततपासणी तर असली काही नसते. म्हणून आजोबा सिनेगॉगच्या नोंदवहीत होता का ते बघायचे. वंशाचं शास्त्र म्हणून सुरू केलं आणि अडलं की धर्माची वही उघडली. एडिट श्टाइन ही ज्यू घरात जन्मलेली जर्मन तत्त्वज्ञ १९२२ साली कॅथलिक झाली, पुढे कार्मेलाइट जोगीण. २ ऑगस्ट १९४२ ला नाझींनी तिला हॉलंडच्या मठातून उचललं. आठवड्यात आउशविट्झला मारलं. चर्चनं तिला संत केलं, तिच्या अंगावर नाझींनी ज्यूंना सक्तीचा केलेला पिवळा तारा होता.

---

सांतइनेज | बुधवार, सकाळी ६:५५

देव बरें करूं, पाटीबाब. पणजीहून.

तुमच्या गार्सियाची बाग आमच्या गावात आहे, ठाऊक आहे ना? चर्च चौकातली म्युनिसिपल बाग. जुन्या कागदांत तिचं नाव 'जार्दीं गार्सिया द ऑर्ता'. पोर्तुगालनं तर १९७१ च्या वीस एस्कुदोंच्या नोटेवर त्याचं चित्र छापलं.

शाळा सुटल्यावर त्या बागेत बसून आम्ही चणे खायचो. कोणाची बाग म्हणून कधी विचारलं नाही. काल संध्याकाळी धागा वाचून मुद्दाम चक्कर मारली. झाडांवर नावांच्या पट्ट्या आहेत का बघत होतो, निदान एखादा आंबा तरी असावा. अंधार पडत आला होता, माळ्यानं शिटी वाजवली, गेट लावायची वेळ झाली म्हणून. आज परत जाईन, उजेडात.